तबकडीवरचा हात

आमच्या मामूंचा लाउडस्पीकरचा धंदा होता. सांगली जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव आणि साल १९७८-७९ च्या आसपासचं. लग्न असो, उरूस असो, गणपती असो की कुणाची वास्तुशांत असो, मामूंची सायकल तिथं हजर. कॅरियरवर अँप्लिफायर, हँडलला टांगलेला कर्णा आणि मागून चालत मी, छातीशी रेकॉर्डांची पेटी धरून. मामूंचा एकच दंडक होता. "उंगली नक्को लगा रे, बाजू से पकड."

पण ते स्वतः मात्र रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघायचे. जिथं खाचा गडद दिसतात तिथं आवाज हलका, जिथं फिकट आणि चमकदार दिसतात तिथं वाद्यांचा जोर. कव्वालीतला हवा तो अंतरा ते नुसत्या नजरेनं शोधत आणि सुई अलगद तिथं ठेवत. सहसा चुकत नसत. पुढे कॅसेट आली. त्या तपकिरी फितीवर बघण्यासारखं काही नव्हतं. पुढे पळवा, मागे पळवा, थांबा, ऐका. मामूंनी दोन वर्षं रेटलं आणि मग कर्णे विकून टाकले. 'मशीनला माझा हात कळत नाही,' एवढंच म्हणाले.

हे आठवायचं कारण माझा भाचा. आपाचा थोरला मुलगा. पुण्यात पार्ट्यांमधून डीजेचं काम करायचा. २००४ साली त्याला आपली जुनी टर्नटेबलं विकून सीडी डेक घ्यायचे होते. "मामू, लॅमिंग्टन रोडला जायचंय, तुम्ही पण चला," म्हणाला. मी आपला कविता लिहिणारा माणूस, मला त्यातलं काय कळतं? पण गेलो. दुकानदार आवाजाच्या स्वच्छतेचं कौतुक सांगत होता. भाच्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो यंत्रावरचं गोल चाक बोटांनी मागेपुढे ढकलून पाहत होता. मी विचारलं, "अरे, आवाज कसा आहे ते तरी ऐक." तो म्हणाला, "आवाज सगळ्यांचाच चांगला असतो, मामू. हे हाताचं ऐकतं का, ते बघतोय."

त्या वाक्यानं मी चमकलो. मामूंना कुणी विचारलं नव्हतं, की बाबा रे, तुला कसलं यंत्र हवं? इथं मात्र वापरणाराच यंत्राची परीक्षा घेत होता. असं कसं झालं, ते शोधत मी मागे मागे जात राहिलो आणि थेट न्यूयॉर्कला पोहोचलो.

न्यूयॉर्क शहरातला ब्रॉंक्स हा भाग. १९७० च्या दशकात तिथं कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोतून आलेल्या गरिबांची दाट वस्ती होती. घरं जळत होती, कामधंदे निघून गेले होते. त्या वस्तीत, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिकीट लावलेलं. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला, वयाच्या बाराव्या वर्षी अमेरिकेत आलेला. जग त्याला 'डीजे कूल हर्क' म्हणून ओळखतं.

हर्कनं एक गोष्ट टिपली होती. गाण्यात गायक थांबतो आणि काही क्षण फक्त ड्रम आणि ठेका उरतो, तेव्हा पोरं खरी नाचतात. हा तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू करायचा. काही सेकंदांचा तुकडा वाटेल तेवढा लांबवता येऊ लागला. पुढे ज्याला हिपहॉप म्हणू लागले, त्याची मुळं या युक्तीत आहेत.

ही युक्ती शास्त्रशुद्ध केली ग्रँडमास्टर फ्लॅश यानं. हा व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला पोरगा. त्यानं रेकॉर्डवर रंगीत खडूनं खुणा केल्या. घड्याळाच्या काट्यासारखी ती खूण कुठं आली, यावरून तुकडा नेमका कुठं सुरू होतो ते कळे. दुसरं गाणं लोकांना ऐकू जाण्याआधी स्वतःच्या कानावर ऐकता यावं, म्हणून त्यानं स्वतः खटका जोडला. रेकॉर्ड हातानं धरली तरी खालची थाळी फिरत राहावी, म्हणून मधे कडक केलेलं फेल्टचं कापड घातलं. आणि ग्रँड विझर्ड थिओडोर नावाच्या कोवळ्या पोराला, आई दारात येऊन ओरडत असताना रेकॉर्ड हातानं रोखून धरली तेव्हा, 'खर्र-खर्र' असा आवाज ऐकू आला. तोच आवाज पुढे 'स्क्रॅच' म्हणून वाद्यासारखा वाजवला जाऊ लागला.

म्हणजे मामू ज्या रेकॉर्डला बोट लावू देत नव्हते, तिच्यावर या पोरांनी अख्खा पंजा ठेवला!

आता यात जपानचा वाटा बघा. आपल्याकडे नॅशनल पॅनासोनिकचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर घरोघर माहीत होते. ती ओसाकाची मात्सुशिता कंपनी. तिनं १९७० मध्ये टेक्निक्स एसपी-१० हे टर्नटेबल आणलं. तोवर बऱ्याच टर्नटेबलांत मोटर बाजूला असे आणि रबरी पट्ट्यानं थाळी फिरे. हातानं रेकॉर्ड रोखली की पट्टा घसरे, वेग बिघडे. या यंत्रात मोटर थेट थाळीखाली होती. त्याच घराण्यातलं एसएल-१२०० हे १९७२ मध्ये आलं आणि त्याची सुधारित आवृत्ती, एसएल-१२०० एमके-२, ही १९७९ मध्ये. शून्यापासून पूर्ण वेग गाठायला तिला सेकंदही लागत नसे. उजव्या बाजूला एक सरकती पट्टी होती, वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी.

त्या आठ टक्क्यांत डीजेची सगळी विद्या आहे. समजा, एका गाण्याचा ठेका मिनिटाला १२० आणि दुसऱ्याचा १२४. पहिलं जवळजवळ साडेतीन टक्के जलद केलं की दोन्हींचे ठेके जुळतात. पण नुसता वेग जुळून भागत नाही, समही जुळावी लागते. तबल्याची सम आणि गायकाची सम वेगवेगळ्या जागी पडली तर काय होईल? तसंच ते. मग कानानं ऐकत, बोटानं थाळीला हलकंसं ढकलत किंवा अडवत ती सम गाठायची. हे शिकायला वर्षं जातात आणि ते वहीत लिहून देता येत नाही.

अशा या जगात सीडी आली. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानात विक्रीला आला. १२ सेंटीमीटरची चकती, ७४ मिनिटं संगीत, खरखर नाही. घरी ऐकणाऱ्यांनी तिचं स्वागत केलं. डीजे मात्र दहा वर्षं लांबच राहिले.

कारण सरळ आहे. रेकॉर्डवर ध्वनी म्हणजे खाच, आणि सुई तिला शिवते. तुम्ही तबकडी मागे फिरवली की गाणं उलटं वाजतं. सीडीवर ध्वनी म्हणजे आकडे, सेकंदाला ४४,१०० नमुने. ते लेसरचा किरण वाचतो, आतून बाहेरच्या दिशेनं. चकतीचा वेगही एक नसतो. आत मिनिटाला ५०० फेरे, बाहेर जाता जाता २००. तीही बंद डबीत. तिला हात लावायचा कुठून? आणि लावून उपयोग काय?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनन कंपनीनं डीजेंसाठी जोड सीडी प्लेअर काढले. लग्नसमारंभात गाणी लावणाऱ्यांना ते सोयीचे होते. १९९४ मध्ये पायोनियरनं सीडीजे-५०० आणला. त्यावर एक चाक होतं, आणि वेग बदलला तरी सूर न बदलण्याची सोय होती. रेकॉर्डचा वेग सहा टक्के वाढवला की पांढरी एकचं गाणं काळी एकला जातं. इथं तसं होत नव्हतं. तरीही रेकॉर्डवाले मानेनात. त्या चाकानं सम ढकलता येई, पण तबकडी धरल्यासारखं गाणं धरता येत नव्हतं.

२००१ मध्ये पायोनियरचाच सीडीजे-१००० आला आणि चित्र बदललं. त्याच्या मोठ्या चाकाच्या माथ्याला स्पर्श कळत होता. हात ठेवला की गाणं थांबे, मागे ओढला की उलटं वाजे, सोडला की पुन्हा चालू. आत चकती आपल्या गतीनं फिरतच असे. वाचलेले आकडे यंत्राच्या स्मृतीत साठत आणि हाताच्या हालचालीप्रमाणे त्यातून पुढेमागे वाजवले जात. म्हणजे हात सीडीवर नव्हता, तो गाण्याच्या आठवणीवर होता. चाकाच्या मध्यभागी फिरणारी खूण दिसे, फ्लॅशनं खडूनं केलेल्या खुणेसारखी. आणि छोट्या पडद्यावर गाण्याचा चढउतार दिसे. मामूंनी उजेडात धरलेल्या खाचाच त्या!

२००४ मध्ये टेक्निक्सनंही खरोखर फिरणारी थाळी असलेला एसएल-डीझेड १२०० हा सीडी डेक काढला. भाच्याच्या मनात तोही होता. त्याची परीक्षा मी बाजूला उभं राहून पाहिली. चाक पंजाएवढं आहे का? बटण दाबल्याक्षणी गाणं सुरू होतं की किंचित दम घेतं? वेगाची पट्टी लांब आहे का, म्हणजे केसभर फरकही करता येईल? टेबलाला धक्का बसला तर गाणं अडखळतं का? आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : बाहेर कार्यक्रमाला गेलो तर तिथं कुठलं यंत्र ठेवलेलं असतं? कारण डीजे आपलं यंत्र नेहमीच बरोबर नेत नाही. तिथं जे असेल त्यावर वाजवावं लागतं. घरी एका यंत्रावर रियाज आणि बाहेर दुसऱ्यावर मैफल, असं जमत नाही. त्यानं शेवटी पायोनियरची जुनी जोडी घेतली, ती याच कारणानं.

त्याच्या पाठदुखीलाही आराम पडला. कव्हरसकट शंभरभर रेकॉर्डी म्हणजे वीस किलोच्या घरातलं ओझं. सीडीची पिशवी खांद्याला लागते. शिवाय आज घरी तयार केलेलं गाणं सीडीवर भरून रात्री वाजवता येई. पूर्वी त्यासाठी खास तबकडी कापून घ्यावी लागे.

पुढची गोष्ट भराभर घडली. २००९ मध्ये सीडीजे-२००० आला, त्यात पेनड्राइव्ह चालायचा. २०१० मध्ये टेक्निक्सनं एसएल-१२०० चं उत्पादन थांबवलं, तोवर पस्तीस लाखांहून अधिक यंत्रं विकली गेली होती. २०१२ च्या सीडीजेवर असं बटण आलं, की ठेका यंत्रच जुळवून देई. २०१६ मध्ये टेक्निक्सचं टर्नटेबल पुन्हा बाजारात आलं. २०२० च्या सीडीजे-३००० मध्ये सीडी घालायची फटच उरली नाही. नावात सीडी राहिली, पोटातून गेली. आणि २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा रेकॉर्डी संख्येनं जास्त विकल्या गेल्या. चाक मात्र अजून आहे, आणि त्यावर हात ठेवला की गाणं अजून थांबतं.

मला यातून एक कळलं. नवं यंत्र येणारच, त्याला अडवता येत नाही. पण ज्यांच्या हातात विद्या आहे ते सगळे मिळून 'हे आम्हाला चालणार नाही' म्हणू शकले, तर यंत्राला त्यांच्याकडे वळावं लागतं. रेकॉर्डवाल्यांनी वीसेक वर्षं सीडीला नाही म्हटलं, म्हणून तिला चाक फुटलं. मामू एकटे होते. त्यांचा नकार ऐकायला कुणी नव्हतं.

आपल्याकडे आता 'डीजे' म्हणजे माणूस नव्हे. मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला आपण डीजे म्हणतो. 'डीजे लावला', 'डीजे बंद केला' असं बोलतो. शब्द तोच, पण त्यातला माणूस गळून गेला. म्हणून हे सांगावंसं वाटलं. या शब्दाच्या मुळाशी कानानं सम शोधणारा एक हात होता. आमच्या गावात तो उजेडात रेकॉर्ड धरायचा, ब्रॉंक्समध्ये तिच्यावर खडूनं खूण करायचा.

मामूंची एक रेकॉर्ड माझ्याकडे आहे. वाजवायला यंत्र नाही. कधीमधी खिडकीशी नेऊन तिरकी धरतो. अंतरा कुठं आहे, ते मला अजून दिसत नाही. पण मी तिला बाजूनंच धरतो.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)