चवीतील व्यक्तिभेद

चवीतील व्यक्तिभेद : एकाच पातेल्यातली भाजी निरनिराळ्या माणसांना कमीजास्त कडू, तिखट, खारट वा तुरट लागणे. जिभेवरील ग्राहींची (चव टिपणाऱ्या प्रथिनांची) जनुके, लाळ, नाक, वय, सवय आणि तोंडाचे आरोग्य या सगळ्यांतून हा भेद घडतो. घरात त्याला सर्रास ‘नखरे’ म्हटले जाते, आणि त्यात खाणाऱ्यावर अन्याय होतो. जालना जिल्ह्यातील हसनाबाद (ता. भोकरदन) परिसरात रोज जे खाल्ले जाते त्याच्या आधाराने हा भेद नीट उलगडतो : भाकरी, ठेचा, कारले, मुळा आणि जिल्ह्याची ओळख असलेली मोसंबी.

आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय असे सहा रस मानले. आजचे शरीरक्रियाविज्ञान गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच मूळ चवी धरते. उमामीची ओळख जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुने इकेदा यांनी १९०८ मध्ये पटवली. तिखट आणि तुरट या चवी नसून तोंडाच्या त्वचेला होणाऱ्या संवेदना आहेत, असे हे शास्त्र सांगते. जिभेच्या टोकाला गोड आणि मुळाशी कडू कळते, हा शाळेतला नकाशा मात्र चुकीचा आहे. रुचिकलिका असतील तिथे सगळ्या चवी कळतात. त्या कलिका वाहणाऱ्या अंकुरकांची (जिभेवरील बारीक उंचवट्यांची) संख्या माणसागणिक वेगळी असते.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीत कडवटपणाचा भेद उत्तम दिसतो. फळ सोलून फोडी खाल्ल्या तर गोड लागतात. तेच फळ पिळून रस तासाभर ठेवला तर कडवटतो. फळाच्या पेशींत एक बेचव पूर्वद्रव्य असते. पिळताना पेशी फुटतात, आम्लाशी त्याचा संबंध येतो आणि त्याचे लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात रूपांतर होते. संत्रावर्गीय फळांच्या रसात लिटरमागे साधारण सहा मिलिग्रॅम लिमोनिन झाले की सरासरी माणसाला ते जाणवते. काहींना याच्या कितीतरी कमी प्रमाणातच तोंड वाकडे करावे लागते, तर काहींना कित्येक पट असूनही पत्ता लागत नाही. म्हणून एकाच जगमधला रस एकाला ‘छान’ आणि दुसऱ्याला ‘उतरलेला’ वाटतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात. रस काढताच प्यावा, हा यावरचा साधा उपाय.

कडू चवीतील आनुवंशिक भेद उघडकीस आला तो अपघाताने. १९३१ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून फिनाइलथायोकार्बामाइड या रसायनाची भुकटी हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती जहर कडू लागली, फॉक्स यांना काहीच कळले नाही. पुढे रक्तगटांच्या बरोबरीने हे रसायन कडू लागते का, ही चाचणी जगभरच्या लोकसमूहांवर झाली, भारतातही झाली. त्यामागचे टीएएस२आर३८ हे जनुक २००३ मध्ये सापडले. कोबी, मुळा, मोहरी या कुळातल्या भाज्यांचा उग्र कडवटपणा काही मुलांना फार लागतो, त्यात या जनुकाचा वाटा आहे. कारल्याचे तसे नाही. माणसात कडू चवीचे सुमारे पंचवीस ग्राही आहेत. त्यामुळे कोबी बिनतक्रार खाणाऱ्याला कारले सोसेलच असे नाही.

तिखटाचा विषय या भागात जिव्हाळ्याचा आहे. भोकरदन तालुका हिरव्या मिरचीसाठी ओळखला जातो. मिरच्या आणि लसूण तेलावर परतायचे, मीठ व शेंगदाणे घालायचे आणि गरम तव्यावरच वाटीच्या बुडाने रगडायचे, की ठेचा तयार होतो. मिरचीतले कॅप्सायसिन असते मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरेत. बियांना ते शिरेच्या संगतीने लागते. ते तेलात विरघळते, म्हणून रगडताना सगळीकडे पसरते. तोंडात ते टीआरपीव्ही१ या ग्राहीला जागे करते. हाच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो. ठेच्यावर गरम चहा घेतला की तोंड दुप्पट पोळते, ते यामुळेच. हा ग्राही शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पाण्याने ही आग विझत नाही. दूध, दही, ताक यांतील केसीन प्रथिन कॅप्सायसिनला धरते आणि आराम पडतो.

रोज तिखट खाणाऱ्याच्या तोंडातील या संवेदना हळूहळू बोथट होतात. परिणामी ठेचा रगडणाऱ्या बाईला जो ‘बेताचा’ वाटतो, तो शहरातून आलेल्या नातवाच्या डोळ्यांतून पाणी काढतो. घरातील सर्वांत सरावलेली जीभ हे स्वयंपाकाचे माप धरू नये. तिखट वेगळे वाढावे, ज्याने त्याने लावून घ्यावे.

तुरटपणा लाळेशी बांधलेला आहे. कच्चे केळे, जांभूळ, सुपारी यांतील टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना घट्ट धरतात, वंगण जाते आणि जीभ आखडल्यासारखी वाटते. ज्याला लाळ कमी सुटते त्याला हे अधिक जाणवते.

आपण ज्याला ‘चव’ म्हणतो तिचा मोठा हिस्सा नाकाचा असतो. घास चावताना वास घशामागून वर चढतो. पडसे झाले की फोडणीची भाजीही मिळमिळीत लागते. उतारवयात घ्राणशक्ती मंदावते, औषधांनीही चव बदलते, मग आजोबा वरून मीठ घेतात. रक्तदाब असेल तर हे घातक. मीठ एकदम तोडण्याऐवजी हळूहळू कमी करावे, काही आठवड्यांत जीभ त्याला सरावते.

वरील बहुतेक भेद निरोगी आहेत. एक भेद मात्र रोगाचा आहे. नेहमीचे जेवण अचानक झोंबू लागणे, साध्या वरणानेही तोंड पोळणे, ही सुपारीमुळे होणाऱ्या मुखाच्या तंतुमयतेची पहिली खूण असू शकते. पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये हा रोग १९५२ मध्ये नोंदवला गेला, आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. गालाच्या आत ताठ पट्टे येतात, जबडा उघडेनासा होतो आणि काहींत पुढे कर्करोग होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवले आहे. ‘मी नुसती सुपारीच खातो’ या समाधानात म्हणूनच काही अर्थ नाही.

आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे घरच्या घरी पाहता येते. जात नसतील, किंवा तोंडाची आग दोन आठवड्यांत शमत नसेल, तर सुपारी त्या दिवशी सोडावी आणि जवळच्या दंतवैद्याकडे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात तोंड दाखवून घ्यावे.