आमच्या आळीत नको

गव्हाणमधल्या आमच्या आळीतला एक रिकामा बंगला व्यसनमुक्ती केंद्राला भाड्याने जाणार, अशी कुणकुण लागली आणि दोन दिवसांत विरोधाचा अर्ज तयार झाला. कारणं नेहमीचीच: पोरीबाळी, चोऱ्या, जागेचे भाव. अर्ज टाइप मीच केला. गावातला इंजिनियर म्हटल्यावर अशी कामं आपल्याकडेच येतात. खाली सहीही केली.

त्याच वेळी माझे काका पुण्याला ‘मुक्तांगण’मध्ये ३५ दिवसांच्या उपचारांवर होते. आळीत आम्ही सांगितलं होतं, साइटवर गेलेत.

लाज वाटली म्हणून असेल, मी मुक्तांगणचा इतिहास शोधायला बसलो. प्रश्न एकच होता: यांना जागा कोणी दिली?

ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शहरांतल्या सुशिक्षित घरांत शिरली होती. अनिल अवचटांनी तिच्या विळख्यात सापडलेल्या पोरांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि केंद्रासाठी त्यांनी १ लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ला मुक्तांगण सुरू झालं, ते त्याच रुग्णालयाच्या आवारात.

येरवडा! ‘तुला येरवड्याला पाठवायला हवं’ असं आपण चिडवतो, तेच. ज्या कंपाउंडला लोक आधीच बिचकून होते, तिथे ‘आमच्या शेजारी नको’ म्हणणार कोण? पण लोक आपली मुलं घेऊन त्या फाटकातून आत जायला लागले, त्यात पु. लं.च्या नावाचा वाटा मोठा असणार, असं मला वाटतं. ज्यांची पुस्तकं घरात आहेत, तो माणूस पाठीशी असला की तिथे जाण्यातला कमीपणा जरा कमी होतो. पुढे तिथूनच बरे झालेले काही जण तिथेच काम करू लागले.

मुंबईत १९८१मध्ये फादर जो परेरांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. आम्ही मात्र साइटवर गेलेत म्हणून सांगत होतो.

काका परत आल्यावर त्यांना अर्जाची प्रत दाखवली. चष्मा लावून त्यांनी एकेक नाव वाचलं.

“यातले चौघं माझ्याबरोबरच बसायचे,” म्हणाले. मग माझ्या सहीवर बोट ठेवलं. “ही खोडता येईल काय रे?”