साधनाची निवड

पत्र लिहिणे, भाषांतर करणे, टिपणे काढणे अशा नित्याच्या कामांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे कोणते साधन घ्यावे, असे पालक आम्हां शिक्षकांना पुष्कळदा विचारतात. साधने झपाट्याने बदलतात. आजचे उत्तर उद्या शिळे होते. म्हणून श्रोतेहो, उत्तराच्या शोधार्थ आपण थोडे मागे वळून पाहू.

७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम कंपनी यांनी एक जाहीर प्रयोग केला. गणकयंत्राने साठांहून अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आणून दाखविली. वृत्तपत्रांतून त्याचा मोठा गाजावाजा झाला. तथापि यंत्राजवळ होते अवघे २५० शब्द व व्याकरणाचे ६ नियम. आणि वाक्येही त्यांत बसतील अशीच बेतलेली होती.

बारा वर्षांनी, १९६६ साली, अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका समितीने निष्कर्ष काढला की, यंत्राचे भाषांतर माणसाच्या भाषांतराहून संथ, सदोष आणि महाग आहे. मात्र भाषांतरकाराला नेमका शब्द शोधून देणाऱ्या यंत्राचे तिने स्वागतच केले. माणसाची जागा घेणारे यंत्र आणि माणसाच्या हाताशी राहणारे यंत्र यांतील हा भेद मोलाचा आहे.

त्याच वर्षी जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलिझा’ या संभाषण करणाऱ्या कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याचेच शब्द उलटवून प्रश्न विचारण्यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते. असे असूनही, त्याची घडण प्रत्यक्ष पाहिलेल्या त्यांच्या चिटणीसबाईंनी त्याच्याशी बोलताना वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले! गोड भाषेने जाणते माणूसही भुलते, ते असे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधील वकिलांनी त्याने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. पडताळा तेवढा राहून गेला होता.

गूगलच्या भाषांतरसेवेत मराठी २०१३ साली आणि कोकणी २०२२ साली दाखल झाली. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत इंग्रजी अशा आपल्याकडील कुटुंबांची त्यामुळे मोठीच सोय झाली. आमंत्रणपत्रिकेत एखादा शब्द चुकला, तर आपण हसून तो दुरुस्त करतो. परंतु जमिनीच्या दस्तऐवजात ‘गहाण’ आणि ‘विक्री’ यांची गफलत झाली, तर घरच जाते. ज्याला मूळ कागद वाचता येत नाही, त्याने यंत्राकडून आशय अवश्य समजून घ्यावा. सही मात्र जाणकाराला दाखविल्यावाचून करू नये.

सारांश, साधनाचे नाव विचारण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावेत: याची चूक मला ओळखता येईल काय? आणि ती राहिली, तर नुकसान कोणाचे? इतिहासाने दिलेली ही कसोटी नव्या साधनालाही लागू पडेल.