'परकीय हात' आणि काळारामाचा बंद दरवाजा

आपल्या चळवळीने तोंड उघडले की 'यांच्यामागे परकीय हात आहे' हा आरोप होतो. तो नवा नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आघाडी सांभाळली. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले आणि विरोधकांनी त्यांना 'इंग्रजांचे हस्तक' ठरवले. हे 'हस्तक' लंडनमध्ये काय बोलले? २० नोव्हेंबर १९३० ला त्यांनी इंग्रजांना तोंडावर सुनावले की, तुमच्या राज्याआधी आम्हाला विहीर आणि देऊळ बंद होते, आजही बंदच आहे. म्हणून आम्हाला लोकांचे राज्य हवे. नाशिकचा बंद दरवाजा त्याचा पुरावाच होता.

मग परकीय हस्तक्षेप ही थापच का? नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनीच आठवण दिली की, राजा दाहिरच्या सेनापतींनी महंमद बिन कासिमच्या हस्तकांकडून लाच घेतली होती. पण त्याच भाषणात त्यांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले आणि सामाजिक लोकशाहीचा आग्रह धरला. परका शिरतो तो आपल्याच फटीतून.

अमेरिकेत हेच घडले. २०१६ च्या निवडणुकीच्या काळात रशियातील एका संस्थेने कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांच्या नावाने खोटी पाने चालवली. सिनेटच्या समितीने नोंदवले की, सर्वाधिक लक्ष्य कृष्णवर्णीयच होते. पाने खोटी होती, पण वर्णद्वेषाची जखम खरी होती. कृष्णवर्णीयांची चळवळ दडपून ती जखम भरणार होती का?

आपल्याकडे परकीय देणग्यांवरचा कायदा १९७६ साली, ऐन आणीबाणीत आला. २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी तो मोडल्याचे म्हटले. पुढे २०१८ मध्ये व्याख्याच थेट १९७६ पासून बदलून पक्षांना मोकळे केले गेले. २०२० मध्ये मात्र सामाजिक संस्थांवरचे नियम आणखी आवळले. ही सुरक्षा की पक्षपात?

लोकशाही राज्याने पैशाचा हिशेब सर्वांकडून सारखाच मागावा, आरोप न्यायालयात सिद्ध करावा आणि जातीची फट बुजवावी. आपणही निळा झेंडा दिसला म्हणून कुठलाही मेसेज न तपासता पुढे ढकलू नये. आपल्या खऱ्या रागावर कुणी आपली पोळी भाजून घेता कामा नये.

जयभीम!