राखेची दोन कुळं

चुन्यात राख कालवायची चाल रोमनांइतकी जुनी आहे. नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की बांधकाम पाण्याखालीही घट्ट होतं, असं रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात नोंदवलं. आपल्या गवंड्यांनी तेच काम विटांच्या भुकटीकडून, सुरखीकडून करून घेतलं. अशा राखेकडे सिलिका असते, चुना दुसऱ्याकडून घ्यावा लागतो.

कोळशाची राख या कुळात उशिरा आली. १९३७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रेमंड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी काँक्रीटमधल्या तिच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत मोंटानातल्या हंग्री हॉर्स धरणाच्या काँक्रीटमध्ये ती वापरली गेली. आज दुकानात मिळणारं राखमिश्रित ‘पीपीसी’ सिमेंट याच वंशातलं.

राखेला कार्बन डायऑक्साइड वायू पाजून ती घट्ट करण्याचीही एक युक्ती आहे; ती मात्र दुसऱ्या कुळातली, चुन्याच्या गिलाव्याच्या. भाजताना चुनखडीतून हा वायू निघून जातो. गिलावा तोच वायू हवेतून परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. हे गणित १७५०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने उलगडलं. सळईचं काँक्रीट आल्यावर हाच वायू वैरी ठरला, कारण तो काँक्रीटचा अल्कधर्मीपणा कमी करतो आणि सळई गंजते.

कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांनी त्याला पुन्हा कामाला लावलं. तिथल्या धुरातलं आम्ल मारायला चुना फवारतात, म्हणून गाळलेल्या राखेत उरलेला चुना असतो आणि शिसं-जस्तही. अशी राख धोकादायक कचरा म्हणून पुरावी लागे. ग्रीनिच विद्यापीठातल्या कॉलिन हिल्स यांच्या गटाने ओलसर राखेला कार्बन डायऑक्साइड भरपूर दिला. गिलाव्याला वर्षं लागतात, ते काम मिनिटांत झालं आणि धातूही बरेचसे जखडले गेले. या संशोधनातून निघालेल्या कार्बन८ कंपनीचा कारखाना २०१२ साली इंग्लंडच्या सफोकमधल्या ब्रँडनला सुरू झाला. तिथे त्या राखेत सिमेंट आणि वाळू मिसळून कृत्रिम खडी वळली जाऊ लागली. ती ठोकळ्यांत जाते. ठोकळ्यात सळईच नाही, त्यामुळे गंजाची जुनी भीती उरत नाही.

ब्रँडनची कृती जशीच्या तशी कोराडी-चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेला चालणार नाही. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत चुना फार थोडा. वायू दिला तरी ती घेणार कशाने? पोलाद कारखान्यांच्या धातुमळीत चुना भरपूर असतो, तिच्याबाबत विचार करता येईल. उपचार ठरवण्याआधी राखेचं कूळ विचारलेलं बरं.