महाराष्ट्रातील हौशी रेडिओ

हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ, ही परवानाधारक व्यक्तींनी कोणत्याही आर्थिक लाभाशिवाय चालवलेली बिनतारी संदेशवहन सेवा आहे. स्वशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक प्रयोग ही तिची आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झालेली उद्दिष्टे आहेत. ती आकाशवाणीसारखी प्रसारण सेवा नाही. आकाशवाणीचे केंद्र अनेक श्रोत्यांसाठी एकतर्फी कार्यक्रम प्रसारित करते, तर हौशी केंद्रचालक दुसऱ्या परवानाधारकाशी दुतर्फा संपर्क साधतो. महाराष्ट्रात मुंबई व पुण्यासारख्या शहरांत या छंदाची परंपरा जुनी आहे. विट्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या व्यक्तीलाही परवाना, एक साधा संच आणि घरावर ताणलेली तार एवढ्या सामग्रीवर देशभर संपर्क साधता येतो.

इतिहास

भारतात हौशी रेडिओचा आरंभ १९२१ च्या सुमारास झाला. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे देशातील पहिले हौशी केंद्रचालक मानले जातात. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने हौशी परवाने स्थगित केले आणि परवानाधारकांना आपले प्रेषक संच जमा करण्याचा आदेश दिला.

या छंदातून मिळालेल्या ज्ञानाचा स्वातंत्र्यलढ्यात झालेला उपयोग मुंबईच्या इतिहासाचा भाग आहे. छोडो भारत आंदोलनाच्या काळात, ऑगस्ट १९४२ मध्ये, उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र सुरू केले. त्याचा प्रेषक संच बांधण्याचे काम नरिमन प्रिंटर या बिनतारी तंत्राच्या जाणकाराने केले. प्रिंटर हे युद्धापूर्वी हौशी परवानाधारक होते. हे केंद्र ४२.३४ मीटर तरंगलांबीवर चालत असे. ही तरंगलांबी सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेशी जुळते, म्हणजेच आज भारतीय हौशी केंद्रचालक ज्याला चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात त्यातच ती येते. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडी येथे छापा पडून केंद्र बंद झाले आणि उषा मेहता यांना चार वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. काँग्रेस रेडिओ हे प्रसारण केंद्र असल्याने त्याला हौशी केंद्र म्हणता येत नाही, तथापि त्यामागील तंत्रकौशल्य याच छंदातून आलेले होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू येथे हौशी रेडिओ क्लबची स्थापना झाली. पुढे त्याचे कार्यालय दिल्लीला गेले आणि त्यातूनच हौशी केंद्रचालकांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. १९८३ मध्ये हैदराबाद येथे राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था स्थापन झाली. १९८४ मध्ये बिनतारी साहित्यावरील आयातशुल्क माफ झाल्याने तयार संच मिळणे सुलभ झाले. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हौशी केंद्रचालक होते.

परवाना व परीक्षा

परवान्याशिवाय प्रेषक संच बाळगणे किंवा चालवणे हा भारतात गुन्हा आहे. या सेवेचे नियमन १९७८ च्या हौशी सेवा नियमांनुसार होत आले असून, परवाना देण्याचे काम केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा करते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती परीक्षेला बसू शकते. त्यासाठी शैक्षणिक पदवीची अट नाही.

परीक्षेत रेडिओचे मूलभूत शास्त्र आणि नियम असे दोन भाग असतात. परवान्याचे ‘मर्यादित’ व ‘सर्वसाधारण’ असे दोन प्रकार आहेत. सर्वसाधारण परवान्यासाठी मोर्स संकेत पाठवण्याची व ऐकून लिहून घेण्याचीही परीक्षा द्यावी लागते. परवान्याबरोबर केंद्राला ‘कॉल साइन’ नावाची ओळख मिळते. भारतीय कॉल साइनचा आरंभ सामान्यतः ‘व्हीयू’ या अक्षरांनी होतो. सर्वसाधारण परवानाधारकाच्या कॉल साइनमध्ये त्यापुढे २, तर मर्यादित परवानाधारकाच्या कॉल साइनमध्ये ३ हा अंक येतो आणि शेवटी दोन किंवा तीन अक्षरे असतात. जगात दोन केंद्रांची कॉल साइन सारखी नसते.

नियमांनुसार संभाषण साध्या भाषेत व्हावे लागते. सांकेतिक गुप्त भाषा, व्यापारी मजकूर, राजकीय वा धार्मिक प्रचार आणि संगीताचे प्रसारण यांना मनाई आहे. त्रयस्थाचा निरोप पोहोचवण्यासही सामान्य परिस्थितीत परवानगी नसते. विट्याचे उदाहरण घेतल्यास या नियमाचा अर्थ स्पष्ट होतो. खानापूर तालुक्यातील अनेक कुटुंबे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त देशाच्या वेगवेगळ्या शहरांत स्थायिक आहेत. विट्यातील हौशी केंद्रचालक अशा शहरातील परवानाधारकाशी रोज बोलू शकतो, परंतु एखाद्या गलाई व्यावसायिकाचा सोन्याच्या भावाविषयीचा किंवा घरगुती निरोप त्याला पाठवता येत नाही. आपत्तीच्या काळात शासनाच्या अनुमतीने ही मर्यादा शिथिल होते.

केंद्राची रचना

हौशी केंद्रात प्रेषक व ग्राही यांचा संयुक्त संच, वीजपुरवठा, अँटेना आणि नोंदवही ही किमान सामग्री असते. यांपैकी अँटेना बहुधा घरीच तयार केली जाते. सर्वांत प्रचलित अशा अर्धतरंग द्विध्रुव अँटेनाची लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ या संख्येला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागतात. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ही लांबी सुमारे २०.१ मीटर येते. तारेचे दोन समान भाग करून मधोमध संचाकडे जाणारी समाक्ष केबल जोडतात. जागा कमी असल्यास मधला भाग खांबावर उंच बांधून दोन्ही टोके उतरती सोडली जातात.

संच विकत घेण्याऐवजी स्वतः बांधण्याची प्रथा या छंदात मानाची समजली जाते. हैदराबादचे अशर फरहान यांनी तयार केलेला ‘बिटएक्स’ हा संच याचे प्रसिद्ध भारतीय उदाहरण आहे. सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून तो बांधता यावा, असा त्याच्या आराखड्याचा हेतू होता. त्याच्या मूळ आवृत्तीत काही वेटोळी नळाच्या वॉशरवर गुंडाळली जात. परदेशांतील हौशी मंडळींनीही हा संच मोठ्या प्रमाणावर बांधला. सुट्या भागांसाठी महाराष्ट्रातील हौशी केंद्रचालक मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या बाजारपेठांवर दीर्घकाळ अवलंबून राहिले आहेत.

दैनंदिन कामकाज

हौशी केंद्राचा दिनक्रम घड्याळाइतकाच सूर्यावर अवलंबून असतो. लघुतरंग लहरी वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबरावरून परावर्तित होऊन दूर पोहोचतात. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर चाळीस मीटरच्या पट्ट्यातील लहरी बऱ्याच अंशी शोषून घेतो, त्यामुळे काही शे किलोमीटरपर्यंतचे संपर्क सुलभ होतात. सूर्यास्तानंतर हा थर विरतो आणि त्याच पट्ट्यात हजारो किलोमीटरवरील केंद्रे ऐकू येऊ लागतात. वीस मीटरच्या पट्ट्याचे वर्तन बरेचसे याच्या उलट असते. दिवसाचा बराच काळ आणि सायंकाळी तो दूरच्या देशांसाठी उपयुक्त ठरतो. याखेरीज सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्राचाही परिणाम होतो. सूर्यावरील डाग वाढतात त्या वर्षांत अल्प शक्तीवरही खंडांतर संपर्क साधता येतात.

संपर्काची पद्धत ठरलेली आहे. केंद्रचालक प्रथम काही वेळ केवळ ऐकतो आणि वारंवारता मोकळी असल्याची खात्री करून ‘सीक्यू’ असा सार्वत्रिक पुकारा करतो. उत्तर आल्यावर परस्परांना कॉल साइन, संदेशाच्या स्पष्टतेचा व तीव्रतेचा अंक, नाव आणि ठिकाण सांगितले जाते. आवाज स्वच्छ व जोरदार असल्यास ‘५९’ असा अहवाल देतात. निरोप घेताना ‘७३’ हा शुभेच्छांचा संकेत वापरतात. तारायंत्राच्या काळातील अशी लघुरूपे मराठी, हिंदी किंवा इंग्रजी अशा कोणत्याही भाषेतील संभाषणात जशीच्या तशी येतात.

प्रत्येक संपर्काची नोंद तारीख, वेळ, वारंवारता आणि समोरील केंद्राची कॉल साइन यांसह नोंदवहीत केली जाते. वेळ सामान्यतः जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहिली जाते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने रात्री ९.३० वाजताचा संपर्क १६.०० असा नोंदवला जातो. संपर्काचा पुरावा म्हणून परस्परांना पाठवली जाणारी ‘क्यूएसएल’ पत्रे हा संग्रहाचा विषय असतो. त्यांवर केंद्राच्या गावाचे चित्र किंवा नकाशा छापण्याची पद्धत आहे.

विटा परिसरातील परिस्थिती

विटा हे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्यालय सुमारे १७.२७ अंश उत्तर अक्षांश व ७४.५३ अंश पूर्व रेखांशावर आहे. हौशी केंद्रचालक वापरत असलेल्या जागतिक चौकट पद्धतीनुसार ते ‘एमके७७’ या चौकटीत येते. कऱ्हाडही याच चौकटीत आहे, तर सांगली व कोल्हापूर ही शहरे दक्षिणेकडील ‘एमके७६’ मध्ये मोडतात.

येथून मुंबई सरळ रेषेत सुमारे २६५ किमी, तर हैदराबाद सुमारे ४२० किमी अंतरावर आहे. ही दोन्ही अंतरे चाळीस मीटरच्या पट्ट्यातील दिवसाच्या संपर्कास अनुकूल आहेत. याउलट दोन मीटरच्या पट्ट्यातील लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात प्रत्येकी १० मीटर उंचीच्या दोन अँटेनांमधील थेट संपर्काची मर्यादा सुमारे २६ किमी असते. विटा व सांगली यांतील हवाई अंतर ४५ किमीहून अधिक असल्याने घराच्या छपरावरून असा संपर्क अनिश्चित राहतो. त्यासाठी एखादा उंच डोंगरमाथा किंवा तेथे बसवलेले पुनर्प्रक्षेपण केंद्र लागते.

हवामानाचाही परिणाम जाणवतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या विजा चमकू लागल्या की लघुतरंगांवर कडकडाट ऐकू येतो आणि क्षीण केंद्रे त्यात बुडतात. ढग जवळ आल्यावर अँटेनाची केबल संचापासून सोडवून भूसंपर्कित करणे हा सुरक्षिततेचा मूलभूत नियम आहे.

आपत्तीकाळातील उपयोग

मोबाइल सेवा मनोरे, वीजपुरवठा आणि प्रकाशीय तंतू यांच्या अखंड साखळीवर चालते. या साखळीतील एक दुवा तुटला तरी संपूर्ण परिसर संपर्काबाहेर जाऊ शकतो. हौशी केंद्राला अशा मध्यस्थ यंत्रणेची गरज नसते. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा संच आणि झाडाला बांधलेली तार एवढ्यावर ते काम करू शकते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे १० हजार लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळी हौशी केंद्रचालकांनी मदतकार्यासाठी संदेशवहन केले. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपातही हौशी केंद्रे कार्यरत होती. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी केंद्रचालकांचे पथक मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअर येथेच होते. इतर संपर्क तुटल्यावर या पथकाने अंदमान व मुख्य भूमी यांच्यात संदेश पोहोचवले.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात हा विषय केवळ ऐतिहासिक नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर येथे विनाशकारी भूकंप झाला होता. २००५, २०१९ व २०२१ मध्ये कृष्णा खोऱ्यात मोठे पूर आले. विट्याचा अवर्षणप्रवण पठारी भाग कृष्णाकाठच्या पूररेषेपासून दूर व उंचावर आहे. अशा ठिकाणचे केंद्र पूरकाळात कोरडे व चालू राहण्याची शक्यता अधिक असते. मात्र संकटात उपयोगी पडण्यासाठी केंद्रचालकाला संदेश अचूक लिहून घेण्याचा व शिस्तीने पुढे पाठवण्याचा सराव आधीपासून असावा लागतो. रोजच्या साध्या संभाषणांतून हा सराव घडतो.

उपग्रह व शिक्षण

५ मे २००५ रोजी इस्रोने ‘हॅमसॅट’ हा ४२.५ किलो वजनाचा हौशी रेडिओ उपग्रह पीएसएलव्ही-सी६ द्वारे सोडला. २०१४ पर्यंत तो कार्यरत होता. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला सुमारे १ किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह अवकाशात गेला. एका केंद्राचा संदेश साठवून दुसऱ्या केंद्राला देण्याची हौशी पट्ट्यातील प्रणाली हा त्याचा एक प्रमुख प्रयोग होता. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील हौशी केंद्राचे १४५.८ मेगाहर्ट्‌झवरील संदेश साध्या अँटेनानेही ऐकता येतात. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये स्काउट चळवळीचा आकाशमार्गे होणारा जांबोरी मेळावा हौशी केंद्रांवरून भरतो.

अडचणी

शहरांतील गृहनिर्माण संस्था गच्चीवर तार बांधण्यास अनेकदा हरकत घेतात. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि सदोष वीजवाहिन्या यांपासून निर्माण होणारा विद्युत गोंगाट क्षीण संदेश झाकून टाकतो. यामुळे नोकरी-व्यवसायानिमित्त शहरात राहणारे काही केंद्रचालक सुटीत गावाकडील शेतातून केंद्र चालवतात. परीक्षा, पडताळणी व परवाना यांत जाणारा वेळ आणि आयात संचांची किंमत या बाबी नवोदितांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, अवघड वाटतात. महाजालामुळे जगाशी बोलण्याचे अप्रूप कमी झाले असले, तरी कोणत्याही कंपनीच्या जाळ्याशिवाय स्वतःच्या हाताने बांधलेल्या साधनाने संदेश पोहोचवण्याचे कौशल्य शिकवणारी ही सेवा आजही टिकून आहे.