दिङ्नागांचे हेतुचक्र आणि आजचे सत्यता-कोष्टक

एखादे म्हणणे खरे मानायचे ते कशाच्या आधारावर? सांगणारा मोठा आहे म्हणून? ग्रंथात लिहिले आहे म्हणून? अंगुत्तर निकायातल्या कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना अशा गोष्टींवर विसंबू नका असे सांगितले, हे विहारात येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्याच सुत्तात नुसत्या तर्कावर विसंबू नका असेही सांगितले आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते. मग तर्काचे काम कुठवर आणि पुढे काय, याचा थोडा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत.

इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात आचार्य दिङ्नाग होऊन गेले. तिबेटी परंपरा त्यांचा जन्म दक्षिणेत कांचीजवळ झाला असे सांगते. तो काळ वादसभांचा होता. मीमांसक म्हणत, शब्द नित्य आहे, वेद कोणी रचलेला नाही, म्हणून त्याची आज्ञा प्रमाण. बौद्ध म्हणत, शब्द अनित्य आहे. वरवर पाहता हा वाद आवाजाबद्दलचा. पण ज्या ग्रंथाला कर्ताच नाही, त्याला जाब तरी कोणी विचारायचा? खरा प्रश्न हा होता.

अशा वादात समोरच्याने दिलेले कारण टिकते की नाही, हे तपासण्यासाठी दिङ्नागांनी ‘हेतुचक्र’ हा छोटासा ग्रंथ रचला. त्यातली रीत अशी. ‘शब्द अनित्य आहे’ असे सिद्ध करायचे, तर अनित्य म्हणून माहीत असलेल्या वस्तू, उदाहरणार्थ मडके, हा झाला सपक्ष. नित्य मानलेल्या वस्तू, उदाहरणार्थ आकाश, हा झाला विपक्ष. आता दिलेले कारण सपक्षात सगळीकडे आढळते, काही ठिकाणी आढळते, की कुठेच आढळत नाही? हेच तीन प्रश्न विपक्षाबद्दल. तीन त्रिक नऊ. नऊ घरे झाली, दहावे घर निघूच शकत नाही.

या नऊ घरांपैकी फक्त दोन घरांतले कारण खरे उतरते, दुसऱ्या आणि आठव्या. चौथ्या आणि सहाव्या घरातले कारण उलटेच सिद्ध करते. उरलेल्या पाच घरांत काहीच ठरत नाही. ‘शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण होतो’ हे दुसऱ्या घरातले. मडके निर्माण होते, आकाश होत नाही, कारण टिकले. ‘शब्द नित्य आहे, कारण तो जाणता येतो’ हे पहिल्या घरातले. अहो, जाणता तर मडकेही येते आणि आकाशही! मग त्यावरून ठरले काय? काहीच नाही.

या ग्रंथाचे मूळ संस्कृत हरवले, तिबेटी भाषांतर तेवढे राहिले. त्यावरून दुर्गाचरण चटर्जी यांनी १९३३ साली तो पुन्हा अभ्यासकांपुढे आणला. पुढच्या काळातल्या आचार्य धर्मकीर्तींच्या ‘प्रमाणवार्तिका’ची संस्कृत हस्तलिखिते राहुल सांकृत्यायन यांना १९३०च्या दशकात तिबेटात सापडली.

आता युरोप-अमेरिकेकडे वळू. १९२१ साली लुडविग विट्गेनस्टाइन आणि एमिल पोस्ट या दोघांनी, एकमेकांच्या कामावर अवलंबून न राहता, सत्यता-कोष्टके छापून प्रसिद्ध केली. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्या मुलांना ती ओळखीची असतील. येथे वस्तूंऐवजी विधाने घेतात. प्रत्येक विधान खरे किंवा खोटे. दोन विधानांच्या चार ओळी, तीन विधानांच्या आठ. सगळी आधारविधाने खरी आणि निष्कर्ष मात्र खोटा, अशी एक जरी ओळ सापडली तरी युक्तिवाद अवैध.

हेतुचक्र आणि सत्यता-कोष्टक एकच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ‘आमच्याकडे हे सगळे आधीच होते’ ही बढाईही नको. पण शिस्त एकाच जातीची आहे: शक्यता जितक्या आहेत तितक्या सगळ्या मांडायच्या, एकही लपवायची नाही.

ही शिस्त आपल्या रोजच्या उपयोगाची आहे. नेहमी कानावर पडणारे एक बोलणे घेऊ. ‘गुणवत्ता असेल तर यश मिळतेच. अमक्याला यश मिळाले. म्हणून तो गुणवान.’ चार ओळी मांडा:

१) गुणवत्ता आहे, यश आहे.
२) गुणवत्ता आहे, यश नाही.
३) गुणवत्ता नाही, यश आहे.
४) गुणवत्ता नाही, यशही नाही.

दुसऱ्या ओळीत पहिले आधारविधान खोटे पडते, चौथ्या ओळीत दुसरे. राहिल्या पहिली आणि तिसरी. तिसऱ्या ओळीत दोन्ही आधारविधाने खरी आहेत, निष्कर्ष मात्र खोटा. युक्तिवाद कोसळला. वशिल्याने, बापजाद्यांच्या पैशाने वर गेलेला माणूस याच ओळीत बसलेला असतो.

आता दुसरे बोलणे. ‘गुणवत्ता असेल तर यश मिळतेच. याला मिळाले नाही. म्हणून याच्यात गुणवत्ता नाही.’ कोष्टक मांडले तर फक्त चौथी ओळ उरते आणि तिथे निष्कर्ष खरा ठरतो. म्हणजे युक्तिवाद वैध! मग मान खाली घालायची का? नाही. कोष्टक फक्त एवढेच सांगते की आधारविधाने खरी असतील तर निष्कर्ष खरा. ती खरी आहेत का, हे कोष्टक सांगत नाही. ते जगात डोळे उघडून पाहावे लागते. दुसऱ्या ओळीत एक जरी माणूस सापडला तरी पहिले विधान गेले. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि राहायला जागा मिळेना म्हणून त्यांना ते शहर सोडावे लागले. गुणवत्तेत काय कमी होते? दुसरी ओळ रिकामी नाही, वाचकहो.

दिङ्नागांनी प्रमाणे दोनच मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. अनुमानाने युक्तिवादाचा सांगाडा तपासायचा, प्रत्यक्षाने त्यात भरलेला माल. ‘ग्रंथात आहे’ किंवा ‘सगळेच म्हणतात’ याला त्यांनी तिसरे आसन दिले नाही. नुसत्या तर्कावर का विसंबायचे नाही, त्याचेही उत्तर यातच आहे. आपल्या मुलामुलींना कोणी असे वैध पण खोटे बोलून गप्प करू पाहील, तेव्हा त्यांनी कागद घ्यावा, चार ओळी आखाव्यात, आणि मग शांतपणे विचारावे: तुमचे पहिले विधान खरे कशावरून?